साध्या कपड्यांतला शोधनिबंध

दिसण्यावर जाऊ नका, मित्रांनो. मी एक जुना मसुदा आहे. ओळींमध्ये ऐसपैस मोकळी जागा, रुंद समास आणि सगळे तक्ते शेवटी कोंबलेले, असा माझा अवतार. पण कमी ऐकू येणाऱ्या मुलांपर्यंत वर्गात बाईंचे बोलणे नीट कसे पोहोचेल, हे माझ्या पोटात सविस्तर लिहिलेले आहे.

माझा जन्म एका प्राध्यापिकेच्या जेवणाच्या टेबलावर झाला. तिची थोरली बहीण अशाच मुलांच्या शाळेत शिकवते. शाळा भर रस्त्यावर. ताईच्या वर्गात महिनोन्‌महिने बसून धाकटीने मोजमापे घेतली. खिडक्यांना प्रयोगापुरते जाड पडदे लावले, जमिनीवर जाजम अंथरले की गोंगाट किती उतरतो आणि मुलांना किती शब्द जास्त कळतात, हे तिने पाहिले आणि त्यातून मला लिहून काढले. मग तिने मला एका संशोधन नियतकालिकाकडे धाडले आणि त्याने दोन परीक्षकांकडे पाठवले. एकाने मला पाल्हाळिक म्हटले, दुसऱ्याने त्रोटक. धाकटीने दोघांचेही ऐकले आणि दोघेही खूश झाले. हे कसे जमले ते मला अजून कळलेले नाही, आणि हे सगळे माझ्याच अंगावर झाले होते.

मी स्वीकारला गेलो. धाकटीने प्रकाशकांच्या करारावर सही केली. करार वाचायला जेवढा वेळ लागतो, त्याहून पुष्कळच कमी वेळात केली.

मग प्रकाशकांनी माझेच शब्द उचलून दोन स्तंभांत बसवले, वर बोधचिन्ह लावले आणि माझा देखणा जुळा भाऊ तयार झाला. कौतुक सगळे त्याचे. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर त्याचे पहिले पान झळकले. मी संगणकात ‘नंतर बघू’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडलो. शेजारी वॉशिंग मशीनची वॉरंटी होती. मुदत संपलेली, पण स्वभावाने बरी.

दीडेक वर्षाने ताईचा फोन आला. पडदे आणि जाजम कायमचे मिळावेत म्हणून ती शाळेच्या समितीपुढे जाणार होती, आणि समितीला पुरावा हवा होता.

“बबडे, तुझा निबंध उघडेना गं. पैसे भरा म्हणतोय. आमच्याच वर्गात बसून लिहिलास आणि आम्हीच तिकीट काढायचं होय?”

“थांब ताई, आमच्या ऑनलाइन भांडारात टाकते. तिथे कुणालाही फुकट वाचता येतं.”

टाकले कुणाला? अर्थातच देखण्याला. चारच दिवसांत प्रकाशकांचे अतिशय नम्र पत्र आले, की तो ताबडतोब काढावा. भांडार सांभाळणाऱ्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालबाईंनी काढला. ताईने दुवा उघडला, तर पान कोरे.

“सोमवारी समिती बसतेय,” ताई म्हणाली. “पुढची बैठक थेट पुढच्या वर्षी. तोवर माझी मुलं काय ट्रकचे हॉर्नच ऐकणार?”

धाकटी तरातरा ग्रंथालयात गेली. “निबंध माझा आणि चोरही मीच?”

“लिहिला तुम्ही मॅडम, पण हक्क सही करून देऊन टाकलेत,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “मीही न बघताच चढवला. तेव्हा चूक दोघींची. आता करार वाचू या का? पहिल्यांदाच?”

दोघींनी वाचला. त्यात सरळ लिहिले होते, की छापील रूप कुठेही ठेवायचे नाही. मात्र लेखकाचा स्वीकृत मसुदा, म्हणजे परीक्षकांच्या सूचनांप्रमाणे सुधारलेला पण प्रकाशकांनी न सजवलेला, प्रकाशनाला एक वर्ष झाल्यावर, स्वतःच्या संस्थेच्या भांडारात खुला करता येईल. सोबत मूळ प्रकाशनाचा उल्लेख आणि दुवा द्यायचा.

“वर्ष तर उलटलं. मसुदा आहे ना?”

“असेल. मी काही टाकून देत नाही.”

“ते पुस्तकं परत करण्यावरून कळतंच.”

शोधाशोध सुरू झाली. ‘अंतिम’ सापडला, ‘अंतिम नक्की’ सापडला, ‘अंतिम शेवटचा’ही सापडला. पण परीक्षकांचे सगळे बदल फक्त माझ्यात होते, आणि माझे नाव होते ‘आता बास’. वॉरंटीचा निरोप घेऊन मी बाहेर आलो.

ग्रंथपालबाईंनी मला पानापानाने तपासले आणि त्या एका चित्रावर थांबल्या. “हा कान कुणाचा?”

“एका पाठ्यपुस्तकातला. प्रकाशकांनी परवानगी घेतली होती की.”

“त्यांच्या छपाईपुरती. आपल्याला नाही चालायची. नवीन काढा.”

धाकटीने पेन्सिल घेऊन कान काढला. ग्रंथपालबाईंनी कागद सरळ धरून पाहिला, उलटा धरून पाहिला. “बशी चांगली आलीय.”

शेवटी ताईला फोन गेला. “अगं, माझा जन्म गेला फळ्यावर कान काढण्यात! आधी नाही का सांगायचंस?” थोड्याच वेळात फळ्याचा फोटो आला. खडूचा सुरेख कान, आणि खाली ताईचे वळणदार अक्षर: ‘चित्र माझे आहे. खुशाल वापरा, पण नाव घाला.’ नाव घातले. चित्र बदलल्याची टीप, मूळ प्रकाशनाचा उल्लेख आणि दुवाही दिला. आणि मी, साध्या कपड्यांत, जगासमोर उघडा झालो.

सोमवारी माझी छापील प्रत समितीच्या अध्यक्षांच्या हाती पडली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “वा! अक्षर मोठं, ओळी सुट्या. नाहीतर हल्लीचे ते दोन-दोन रांगांचे निबंध! वाचणारा आंधळा होतो.” आयुष्यात प्रथमच कुणी माझ्या रूपाची तारीफ करत होते. पडदे मंजूर झाले, जाजमही झाले. जाजमाचा रंग अध्यक्षांनी स्वतः निवडला, त्याविषयी न बोललेले बरे.

जुळ्या भावाबद्दल माझ्या मनात आकस नाही, मित्रांनो. तो त्याच्या कुलुपात सुखी आहे. तुम्हाला एवढेच सांगणे, की मोठेपणी काही लिहिलेत तर सही करण्याआधी कागद वाचा, दुसऱ्याचे चित्र घेण्याआधी त्याला विचारा, आणि देखणी प्रत हाती आली म्हणून माझ्यासारख्याला वाऱ्यावर सोडू नका.

माझी एक प्रत आता ताईच्या टेबलावर असते. परवा, पडदे आणि जाजम लागलेल्या वर्गात, ती मुलांकडे पाठ करून फळ्यावर कान काढत होती. अर्धवट थांबून स्वतःशीच पुटपुटली, “खडू कुठे गेला?”

अगदी मागच्या बाकावरून उत्तर आले, “बाई, तुमच्याच हातात आहे!”