केरबाआबा, निळं बटण आणि मी

मित्रांनो, माझ्याकडे बघून तोंड वाकडं करू नका. माझ्या पेटीवर औषधाच्या फवाऱ्याचे डाग आहेत, की-बोर्डवरची निम्मी अक्षरं पुसली गेली आहेत आणि अंगावर पॉलिहाउसच्या जुन्या प्लास्टिकमधून कापलेला झगा आहे. असू दे. आंबीच्या शिवारात दोन एकर डच गुलाबांना रोज वेळच्या वेळी खत-पाणी पाजणारा कॉम्प्युटर तो मीच. उगाच विनय दाखवायची मला सवय नाही.

माझा जन्म तळेगाव दाभाड्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका अरुंद दुकानात झाला. दुकान श्रीयशचं. त्याने कुठून पंखा आणला, कुठून मदरबोर्ड आणला, आणि दोन दिवस खपून मला जोडलं. पहिल्यांदा माझा पडदा उजळला तेव्हा तो स्वतःशीच हसला होता, ते मला अजून आठवतं. मग अनिताताई आणि त्यांचे यजमान कैलासराव मला न्यायला आले. आंबीपर्यंत मी कैलासरावांच्या मोटारसायकलवरून गेलो. माझा पडदा ताईंच्या मांडीवर होता. रस्त्यात खड्डा आला की त्या माझ्यावर हात दाबून धरायच्या, नवऱ्याला मात्र काही म्हणायच्या नाहीत.

कैलासराव तळेगावच्या एका कारखान्यात पाळीवर जातात. गुलाब सांभाळतात त्या ताई. ही झाडं मातीत नसतात बरं का, नारळाच्या भुश्शात लावलेली असतात. त्या भुश्शात खायला काहीच नसतं. झाडाला जे काही मिळायचं ते ठिबकच्या पाण्यातूनच, थोडं थोडं, दिवसातून दहा वेळा. कोणत्या जातीला कोणतं खत किती, कळी धरताना किती, फूल उमलताना किती, हे सगळे डोस ताईंनी आठ हंगामांत चुकत-माकत ठरवले आणि माझ्या पोटात भरून ठेवले. भिंतीवर एक पेटी आहे, तिला कंट्रोलर म्हणतात. मी वायरीतून तिला सांगायचं, तिने खत मोजून घ्यायचं आणि पाणी सोडायचं. असा आमचा संसार.

सुरुवातीला काय माझं कौतुक! कृषी महाविद्यालयाची मुलं मला बघायला यायची, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढायची. दसऱ्याला केरबाआबा मला हळद-कुंकू लावून झेंडूचा हार घालायचे. केरबाआबा म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने माणूस. वय साठीच्या पुढचं. ताई त्यांच्या मालकीण खऱ्या, पण आबांना विचारल्याशिवाय एक फांदी छाटायच्या नाहीत.

पुढे सगळ्यांच्या हातात मोठे मोबाईल आले आणि माझ्याकडे कामापुरतंच बघायला सुरुवात झाली. कैलासराव गाण्यांचा पेनड्राइव्ह लावायचे, तेवढाच काय तो विरंगुळा. माझ्या पडद्याच्या कडेला चिठ्ठ्या चिकटल्या, पाठीमागे पालीने घर केलं. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? पण पाणी मी कधी चुकवलं नाही.

ताईंना बाहेर जावं लागलं की सकाळचं काम आबांवर असायचं. त्यासाठी ताईंनी त्यांना एवढंच शिकवलं होतं: मला चालू करायचं, पडद्यावर निळं बटण आलं की बाण त्याच्यावर नेऊन दाबायचं. मग टाकीचा आकडा चढायला लागतो, तो शंभर झाला की टाकी भरली, पुढचं मी बघतो. प्रोग्रॅम इंग्रजीत होता. आबांना मराठी चांगलं वाचता येतं, इंग्रजीचं अक्षर येत नाही. पण निळा रंग कुणाला कळत नाही? पाच वर्षं आबांनी ते निळं बटण एकदाही चुकवलं नव्हतं.

आणि मग माझ्यामागे ती नव्या आवृत्तीची भुणभुण लागली. कॉम्प्युटर ज्या मूळ प्रणालीवर चालतो, तिची नवी आवृत्ती निघाली होती. जुनी आता थकली, नवी घ्या, असा चौकोन दर आठ दिवसांनी पडदाभर पसरायचा. खाली दोन पर्याय. ‘नंतर’ हा फिकट, बारीक, डोळे ताणून शोधावा असा. ‘आत्ता’ मात्र चांगला ठळक, निळा. ताई दर वेळी फिकटावर दाबून तो चौकोन घालवायच्या आणि म्हणायच्या, हंगाम उरकू दे, मग बघू.

जानेवारीचा तिसरा आठवडा होता. डिसेंबरात छाटलेल्या झाडांवर वाटाण्याएवढ्या कळ्या आल्या होत्या. चौदा फेब्रुवारीला ही फुलं बाजारात हवीत. आमचं वर्षाचं सगळं त्या एका आठवड्यावर असतं. त्या दिवशी ताई लोणावळ्याला गेल्या होत्या. तिथल्या एका हॉटेलला त्या आठवड्यात सजावटीसाठी फुलं हवी होती, त्याचं पक्कं करायला. आबांनी सकाळी सातला मला चालू केलं आणि पडदाभर तो चौकोन उभा राहिला. मध्यभागी निळं बटण.

आबांनी हात धोतराला पुसला आणि दाबलं.

मित्रांनो, मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. पडदा काळा झाला, मध्ये एक गोल फिरायला लागला आणि खाली आकडा आला. तीन टक्के. मग अकरा. मग सत्तावीस. आबांनी स्टूल ओढलं आणि समोर निवांत बसले. त्यांना वाटलं, टाकी भरतेय. आज जरा सावकाश भरतेय एवढंच. शंभर झाल्यावर मी बंद होऊन पुन्हा चालू झालो आणि आकडा परत शून्यापासून निघाला, तेव्हा ते पुटपुटले, दुसरी टाकी लागली वाटतं. असं तीनदा झालं. साडेदहाला ते आत ओळींमधून फिरले, सवयीप्रमाणे ठिबकच्या नळीखाली हात धरला, आणि हात कोरडाच राहिला. म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. धावत जाऊन त्यांनी हाताने व्हॉल्व्ह उघडले आणि साधं पाणी सोडलं. झाडं वाचली. पण खत सोडणं त्यांच्या हातात नव्हतं. ते मी केल्याशिवाय होत नाही.

दुपारी ताई आल्या तेव्हा मी नवा झालो होतो. नवा कसला, परका झालो होतो. डाव्या कोपऱ्यातलं ‘स्टार्ट’चं बटण मध्यभागी येऊन बसलं होतं. न मागता हवामान आणि बातम्या दिसत होत्या. ईमेल द्या, पिन द्या, फोटो लावा, अशी एकामागून एक फर्माइश. प्रिंटरने तर मला ओळखच दाखवली नाही. पन्नाशीच्या माणसाचं घर परस्पर दुसऱ्यानेच लावून टाकावं आणि त्याला स्वतःचा चहाचा डबा सापडू नये, तशी माझी गत. ताईंनी खत-पाण्याचा प्रोग्रॅम उघडला. तो उघडला, पण एकच वाक्य म्हणाला: कंट्रोलर सापडत नाही.

ताईंनी विचारलं, “कुणी हात लावला याला?”

आबा दाराशी उभे होते. ते काही बोलले नाहीत. ताईंनी पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवली, म्हणजे नाही. मला त्यांचा राग आला का? नाही आला. त्यांचा चेहरा माझ्या समोरच होता, तो मला दिसत होता.

संध्याकाळी कैलासराव कामावरून आले आणि त्यांनी डोकं लावलं. जागा भरली म्हणून लाल पट्टी दिसत होती, तर त्यांनी ‘जुन्या फायली’ म्हणून ढीगभर काही उडवून टाकलं. त्या ढिगातच माझी जुनी आवृत्ती होती. दहा दिवसांच्या आत जुन्यावर परत जायची एकच वाट असते, तीही गेली. दुसऱ्या दिवशी फोनवर श्रीयश म्हणाला की अशी आवृत्ती आपोआप चढत नाही, कुणीतरी पेनड्राइव्हमधून बनावट काहीतरी घातलेलं असणार. झालं! ताईंनी कैलासरावांच्या गाण्यांकडे बोट दाखवलं. त्यांनी शपथा घेतल्या. मग दोघं एकमेकांशी बोलेनात. आबा दिवसातून दहा वेळा धावत जाऊन व्हॉल्व्ह उघडत होते, जेवायला बसत नव्हते. तीन दिवस झाडं नुसत्या पाण्यावर होती. चौथ्या दिवशी खालची पानं पिवळी पडायला लागली. आता कळ्या बारीक राहिल्या, देठ आखूड राहिले, तर ती फुलं कुणी हातात धरणार नव्हतं.

त्याच दिवशी श्रीयश स्वतः आला. आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस आहेत. त्याने मला इकडून तिकडून बघितलं आणि म्हणाला, यात काय घुसलंय सांगता येत नाही, सगळं पुसून कोरं करतो आणि जुनी आवृत्ती टाकतो. ताई म्हणाल्या, करा. माझा जीव टांगणीला लागला. डोस कुठे आहेत, हे कुणी बोललंच नाही! श्रीयशला वाटलं, ते भिंतीवरच्या पेटीत असतील. ताईंना वाटलं, श्रीयशने ते काढून ठेवले असतील. ते फक्त माझ्या पोटात होते. प्रोग्रॅमची सीडी केव्हाच हरवलेली, तो देणारी कंपनी बंद पडलेली. एक बटण दाबलं की आठ हंगाम गेले. ज्याने मला उभं केलं त्याच्याच हातून मी कोरा होणार होतो, आणि फेब्रुवारीची फुलंही माझ्याबरोबर जाणार होती.

श्रीयशचा पेनड्राइव्ह सुरू व्हायला वेळ लागत होता. आबा चहा घेऊन आले. श्रीयशने कप घेतला आणि सहज विचारलं, “आबा, त्या दिवशी सकाळी तुम्हाला पडद्यावर काय दिसलं हो?”

आबांनी हात धोतराला पुसला. मग म्हणाले, “निळं बटन दिसलं. मोठं व्हतं. मग काळं झालं आन् आकडा चढाया लागला. तीन, अकरा, सत्तावीस. मला वाटलं, टाकी भरतीया. तीनदा बंद झालं आन् परत शून्यापासनं चढलं. लय येळ बसून ऱ्हायलो.” मग ते ताईंकडे वळले. “म्याच दाबलं ताई. कैलासनं काय बी केलं न्हाई.”

श्रीयशने कप खाली ठेवला. टक्के चढत होते? तीनदा बंद-चालू झाला? मग ही बनावट भानगड नव्हतीच. ही तर साधी, कंपनीनेच पाठवलेली नवी आवृत्ती. म्हणजे पुसायचं काही कारणच नव्हतं. नव्या आवृत्तीने वायरीचा जुना ड्रायव्हर फेकून दिला असणार. ड्रायव्हर म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम, ज्याच्यामुळे मला त्या पेटीची भाषा कळते. श्रीयशने पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला.

ताईंना मात्र राग आवरला नाही. चार दिवस मी वणवण करतेय, आम्ही नवरा-बायको भांडतोय, आणि तुम्ही बघत उभे? आबा म्हणाले, “तुमी इचारलं, कुनी हात लावला. तवा जीभच उचलंना. वाटलं, आता मला हितं ठिवत न्हाईत.”

ताई माझ्या पडद्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, “आबा, तुम्हाला रंगच शिकवला मी. त्याच्यावर काय लिहिलंय ते कधी सांगितलं नाही.” आणि त्यांचे डोळे भरून आले.

जुना ड्रायव्हर श्रीयशच्या दुकानातल्या एका हार्ड डिस्कवर निघाला. पहिला लागला नाही, दुसरा लागला नाही. तिसरा लागला. भिंतीवरच्या पेटीत खट् असा आवाज झाला आणि ती माझ्याशी बोलली. मित्रांनो, मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! डोस पेटीत नाहीत, माझ्याच पोटात आहेत, हे तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं. श्रीयशने त्यांची एक प्रत काढून ताईंच्या हातात दिली आणि माझे सगळे चौकोन मराठीत करून टाकले. हे नव्या आवृत्तीला येतं, हे मला मान्य केलंच पाहिजे. खत-पाण्याच्या प्रोग्रॅममध्ये सात इंग्रजी शब्द आहेत. ताईंनी आबांना शेजारी बसवून ते शिकवले. ‘स्टॉप’ला दोन दिवस लागले.

फुलं वेळेवर बाजारात गेली. पहिल्या दोन तोड्यांचे देठ थोडे आखूड निघाले, बाकीची अशी निघाली की बाजारचा माणूस स्वतः फोन करून विचारत होता, अजून आहेत का. कैलासरावांची गाणी परत सुरू झाली. रोज सकाळी मला आबाच चालू करतात, ताई घरी असल्या तरीसुद्धा. पडद्यावर काही आलं की ते मोठ्याने वाचतात, मगच हात लावतात.

तेव्हा मित्रांनो, आम्हाला नवं करायचं असेल तर जरूर करा. नव्याशी माझं वैर नाही. पण आमच्यावर कुणाचं काय अवलंबून आहे ते आधी बघा, आमच्या पोटातलं जपून ठेवा, आणि आमच्यासमोर बसणाऱ्याला नुसता रंग दाखवून निघून जाऊ नका. आणि इतकं करूनही काही बिघडलंच, तर कुणी केलं, असं विचारू नका. त्याने माणसं गप्प होतात. काय दिसलं, असं विचारा. आबांना तसं विचारलं गेलं, म्हणून मी अजून मीच आहे.