मल्हारची थर्ड शिफ्ट

प्रगती वांझ आहे, हे चार घरांत ठरून गेलं होतं. ठरवणाऱ्यांत तिचा नवरा मल्हारही होता, हा तर कहरच. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सासू बानूबाईने तिला शिरूरच्या डॉक्टरीणबाईंकडे तीनदा नेलं, अकरा रविवार उपाशी ठेवलं, दंडात ताईत बांधला. मल्हारला डॉक्टरकडे न्यावं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. पुरुषाला काय धाड भरलीय!

मल्हार रांजणगावच्या एका कंपनीत होता. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्याला कायमची थर्ड शिफ्ट लागली. रात्री दहाला कंपनीची बस, सकाळी आठला परत, मग दुपारपर्यंत झोप आणि संध्याकाळ चौकात. "कंपनीपुढं कुणाचं चालतंय?" असं तो म्हणायचा आणि प्रगती बिचारी कंपनीला शिव्या घालायची.

आज रविवार, दुपारी बैठक होती. कासुर्डीहून प्रगतीचे वडील रखमाजी येणार होते, भावकीतले आण्णा मध्यस्थ होते आणि विषय एकच, मल्हारला दुसरी बायको करायची. नेमकी त्याच सकाळी गिताबाई पेढे घेऊन आली. तिचा नवरा मल्हारच्याच खात्यात होता.

"मुलगा झाला ताई, सव्वा महिना सरला. आता बारशाला या. तुमच्या मालकांचे लई उपकार. आमच्या यांची थर्ड शिफ्ट तेच घेत्यात की. आजून एकाची बी घेत्यात. आपणहून मागितली त्यांनी. न्हाईतर दर आठवड्याला शिफ्ट बदलती, नवरा-बायकोची गाठ कवा पडणार?"

गिताबाई गेली तरी प्रगतीच्या हातात पुडा तसाच होता. तिला लग्नानंतरची ती दुपार आठवली. घरात कोणी नव्हतं, मल्हार कॉटवर पडला होता आणि तिने त्याच्या छातीवर हात ठेवून म्हटलं होतं, "या ना जवळ." तो ताडकन उठून बसला होता. "हे कुठं शिकलीस?" पुढच्याच आठवड्यात थर्ड शिफ्ट. तिच्या अंगाची लाही लाही झाली. आपण उपास केले, सुया टोचून घेतल्या, आणि हा माणूस आपल्याला टाळायला मशीनपाशी उभा राहत होता!

दुपारी पडवीत चहा झाला. आण्णांनी घसा खाकरला. "वंशाचा प्रश्न हाय, रखमाजी. पोरीला कोन हाकलत न्हाई, पर दुसरी आणावी लागंल."

प्रगती पदर खोचून दारात आली आणि सासऱ्यांना, गेणबांना म्हणाली, "मामा, आधी यांना इचारा. थर्ड शिफ्ट कंपनीनं दिली, का यांनी मागून घेतली?"

मल्हारचं तोंड उतरलं. मग तो उसळला. "घेतली मागून! काय करू? ही आपणहून अंगाला हात लावती. चांगल्या घरची बाई असं करती व्हय?"

बायकोपासून पळणाऱ्या त्या गड्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. सगळे बघत राहिले ते प्रगतीकडे. बानूबाईने तोंडाला पदर लावला. आणि रखमाजीने, तिच्या जन्मदात्याने, जावयापुढे हात जोडले. "पोरीचं चुकलं, पाव्हणं. पदरात घ्या."

ते जोडलेले हात बघून प्रगतीची उरलीसुरली भीड गेली.

"आप्पा, हात खाली घ्या. काय चुकलं माझं? तुम्हीच लगीन लावून दिलेल्या नवऱ्याला हात लावला. मला तो पायजे होता म्हणून लावला. यांनी लावला तर संसार, आन् मी लावला तर चाळे?"

"गप बस!" मल्हार ओरडला.

"दोन वर्सं गप बसले, तर वांझ झाले." तिने ताईत तोडून त्याच्यापुढे ठेवला. "हा आता तुम्ही बांधा. आन् आण्णा, दुसरी खुशाल आणा. पर तिच्या बापाला आधी सांगा, पोरगी मेल्यावानी पडून राहणारी पायजे. न्हाईतर नवरदेव थर्ड शिफ्टला पळतो."

आण्णा चपला शोधू लागले. गेणबा मान खाली घालून बसले होते. मान वर न करताच ते लेकाला म्हणाले, "उद्यापास्नं फर्स्टला जायचं. माझा हुकूम हाय."

"नको, मामा," प्रगती म्हणाली. "तुम्ही हुकमानं धाडलेला नवरा मला नको. यांना आपणहून यावं वाटलं तर कासुर्डीला येऊ द्या."

तिने आत जाऊन दोन साड्या पिशवीत कोंबल्या आणि बापाच्या आधी तीच एसटीच्या वाटेला लागली.