मोतीमाईचा मुका

दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यात दर गुरुवारी सायखेड्याच्या घाटावर गोदावरीत पाणी कमी आणि काठावर माणसं जास्त, असा प्रकार चालू होता. नाशिकहून जीपा भरून यायच्या. रांगेच्या टोकाला पाटावर मोतीमाई बसलेली असायची, कपाळभर कुंकू आणि गालात विडा. ती समोरच्याची हनुवटी धरायची आणि थेट ओठांवर मुका द्यायची. हा मान मात्र फक्त बायकांना आणि लेकरांना होता. पुरुषांनी पायावर डोकं ठेवून भागवायचं. पोराला वाचा फुटत नसेल, सून ऐकत नसेल, दहावीत गणित अडलं असेल, तरी औषध तेच, एक मुका.

"आठ दिवसांत ओठावर मोती उगवंल," माईचा चेला कुंदन कर्ण्यावरून सांगायचा. "उगवला तर कृपा झाली. नाय उगवला तर तुमच्या श्रद्धेत खोट. नारळ घेऊन परत या."

चमत्कार असा की मोती खरंच उगवायचे. आधी ओठ चुरचुरायचा, मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुपका उठायचा. सोबत ताप, आग, भाकरीचा घास तोंडात घेता येत नाही अशी अवस्था. पण कृपा फुकट थोडीच मिळते. मोती आलेल्या बायका ओठ मिरवत गावभर हिंडायच्या आणि न आलेल्या घरात तोंड लपवून बसायच्या.

रूपालीचं सासर सायखेड्याचंच, झेंडू आणि शेवंती पिकवणारं. ती बाळंतपणाला नाशिक रोडला माहेरी आली होती. बारशाच्या दोन दिवस आधी सासूबाईंचा, नवसाबाईंचा फोन आला.

"मला बी मोती आला हाय गं. बारशाला माईंनाच घेऊन येते. बाळीचा पहिला मुका त्याच घेतील, दुसरा माझा."

रूपालीने फोन ठेवला. ते मोती तिने घाटावर पाहिले होते. तापानंतर भावाच्या ओठावर यायचे तसलेच फोड होते ते. संध्याकाळी शेजारच्या डॉक्टर इंदिराबाई बाळाला तपासायला आल्या, तेव्हा तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी आधी बाळाचं दुपटं नीट केलं, मग बोलल्या.

"फोड आलेल्या तोंडाने कुणालाही हिचा मुका घेऊ द्यायचा नाही. आठवड्या-दोन आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूपर्यंत जातं हे. बाळ हातचं जाऊ शकतं."

"सासूबाईंना नाही म्हणू कशी? आयुष्य काढायचंय मला त्या घरात."

"मी बारशाला येते. पण बाळ तुझ्याच हातात राहू दे."

बारशाच्या दिवशी जीप दारात आली. मागून गावचा टेम्पोवाला खंडेराव बारशाची फुलं घेऊन आला. त्याला एचआयव्ही असल्याचं गावाला कळल्यापासून नवसाबाई त्याला घरच्या कपात चहा देत नसत. आजही त्याच्यासाठी वेगळा कप पिशवीतून आणला होता. त्याच हाताने त्यांनी मोतीमाईला आत नेऊन गादीवर बसवलं. अख्ख्या तालुक्याच्या तोंडाला तोंड लावून आलेली बाई पवित्र आणि टेम्पोवाल्याने विसळलेला कप विषारी, असा तो एकूण हिशेब होता.

"साक्षात सरस्वती मुखातून मुखात जाते," कुंदनने सुरू केलं. "हे बाळ सहा महिन्यांत श्लोक म्हणेल. आणा इकडे."

रूपालीने बाळ छातीशी घट्ट धरलं. "नको. मी देणार नाही."

पाहुणे वळून बघू लागले. नवसाबाईंचा चेहरा उतरला. "चार माणसांत माझी शोभा करती का?" म्हणत त्यांनी बाळाला घ्यायला हात पुढे केले. माईही ओठ पुढे काढून वाकली. तेवढ्यात नवसाबाईंची नजर बाळाच्या पांढऱ्या कुंचीवर गेली. ती त्यांनी स्वतः शिवली होती.

"थांबा माई, इड्याचा रंग लागंल," असं म्हणून त्यांनी पदर पाण्यात भिजवला आणि माई नको नको म्हणत असताना तिचे ओठ खसाखसा पुसले.

लाल रंग गेला. खालच्या ओठावर ताज्या फोडांचा झुपका लख्ख दिसू लागला.

कुंदनने लगेच हात जोडले. "पाहा, माईंनाही कृपा झाली."

"माईंना मुका कोणी दिला?" रूपालीने विचारलं.

कुंदन माईंना उठवू लागला. डॉक्टर पुढे झाल्या. "मोती नाही, हर्पीस आहे. माईंचा फोड ताजा असला की त्या तो वाटतात आणि विड्याने झाकतात. फोड नसला की संसर्गही कमी होतो, मग हे म्हणतात तुमच्या श्रद्धेत खोट."

नवसाबाईंचा हात आपल्या ओठाकडे गेला. हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "म्हंजी मला गरमी झाली का?"

"नाही हो. गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा चट्टा तोंडात असला तर तीही मुक्यातून लागू शकते, पण ती वेगळी. ती रक्त तपासून कळते आणि इंजेक्शनने बरी होते. हर्पीस शरीरसंबंधातूनही पसरतो, पण ओठावरचा बहुतेक साध्या मुक्यातूनच येतो. त्यात लाज कसली? मोठ्या माणसाचा आठ-दहा दिवसांत सुकतो. आणि खंडेरावांचा एचआयव्ही ना कपातून लागतो, ना मुक्यातून."

माई आणि कुंदन कधी निघून गेले ते जीपच्या आवाजावरून कळलं. नवसाबाई रूपालीसमोर बसल्या. नात हाताच्या अंतरावर होती आणि त्यांनी तिला अजून नीट पाहिलंही नव्हतं.

"मी कवा घेऊ हिचा मुका?"

"खपली पडून ओठ स्वच्छ झाला की मी सांगेन. तोवर हात धुऊन नुसतं बघा."

नवसाबाईंना रडू आलं. रूपालीलाही आलं. तिने बाळ जवळ आणलं. पण नवसाबाईंनीच पदर तोंडावर धरला आणि त्या मागे सरकल्या.

फोडाला देवत्व दिलं म्हणून तो विषाणू कुणाचं बाळ सोडत नाही. एवढी समज यायला शाळा लागत नाही, डोळे उघडे लागतात. नवसाबाईंचे उघडले आणि मग मात्र त्यांनी कुणाची गय केली नाही. पाळण्याशी पाट मांडून त्या बसल्या. वाकेल त्याला आधी तोंड उजेडाकडे करायला लावलं. शेवटी त्यांचा मुलगा ज्ञानेश, बाळाचा बाप, पुढे आला.

"आई, मी बाप हाय तिचा."

"बाप आसशील," नवसाबाई म्हणाल्या. "व्हट दाखव आधी."