दगडावरचे दोन शब्द

"हरेल त्यानं जिंकणाऱ्याला शेण वाहायच्या एकचाकी हातगाडीत बसवायचं आणि ढकलत पूल ओलांडायचा. जत्रेच्या दुपारी, सगळ्या गावासमोर. आहे हिंमत, एडनाबाई?"

मासे-चिप्सच्या गाडीपुढची अख्खी रांग वळून बघायला लागली. बोलणारा नॉरिस सन्टर, केल्डबी गावात बॉयलर दुरुस्त करणारा. वय सत्तावन्न, खोड्या मात्र सात वर्षांच्या पोराच्या. पाद्रीबुवांच्या सायकलीला त्यानं मेंढीची घंटा बांधली होती आणि आठवडाभर ती त्यांना सापडली नव्हती. पण आज त्याच्या थट्टेखाली काहीतरी खुपत होतं.

त्याचा बाप वॉल्टर एक्याण्णव वर्षांचा. चाळीस वर्षं दर शनिवारी जिना चढून त्यानं चर्चच्या घड्याळाला चावी दिली. आता छाती साथ देईना, म्हणून म्हाताऱ्यानं आपल्या थडग्याचा मजकूर आधीच लिहून दिला: "वॉल्टर सन्टर, या गावचा." चर्चचा कारभार एडना रॉ हिच्याकडे. तिनं कागद परत पाठवला. 'या गावचा' हे जुन्या घराण्यांनाच लिहितात. सन्टर पडले पुलापलीकडच्या हॅगवर्थचे, उपरे. रॉ घराण्याची नावं चर्चमधल्या कारभाऱ्यांच्या फळीवर तीनशे वर्षांपासूनची. म्हाताऱ्यानं कागदाची घडी घालून ती चष्म्याच्या डबीत ठेवली. तेच नॉरिसच्या जिव्हारी लागलं.

"वॉल्टरकाकांबद्दल माझ्या मनात काही नाही," एडना म्हणाली. "पण रीत ती रीत. सन्टर केल्डबीचे निघाले तर शब्दही घाल आणि मी तुला ढकलेनही. बाहत्तरीची असले तरी हात शाबूत आहेत."

"मग चिप्स दोन पुडे घ्या. ताकद लागणार आहे."

एकमेकांवर भरवसा नव्हता, म्हणून दोघं मिळूनच दर मंगळवारच्या बसनं शहरातल्या दप्तरखान्यात जाऊ लागले. तिथं शाईला बंदी, फक्त पेन्सिल. नॉरिसनं पहिल्याच दिवशी एडनाची पेन्सिल मागून घेतली आणि तिचं टोक चावून परत दिली. तिसऱ्या मंगळवारी त्याच्या थर्मासमधला चहा आणि तिची अंड्याची सँडविचेस यांची वाटणी आपोआप व्हायला लागली. जन्म, लग्न, दफन असं करत ते पिढ्यान् पिढ्या मागं जात होते. बाप, आजा, पणजा. शिशाच्या खाणीत कामाला म्हणून हॅगवर्थहून आलेला एक सन्टर. आणि मग हॅगवर्थच्याच वहीत, सतराशे त्रेचाळीस साली: "जॉर्ज, अॅन सन्टर हिचा बिनबापाचा मुलगा. पुलाच्या पायथ्याशी जन्मला." तीन दिवसांनी त्याच पानावर दफन: "अॅन सन्टर, परकी."

एडनानं पेन्सिल खाली ठेवली. "पहिला सन्टर हॅगवर्थचाच, नॉरिस."

घरी जाऊन बाबांना काय सांगायचं, एवढंच नॉरिसच्या डोक्यात. त्यानं त्या शेवटच्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"हॅगवर्थवाले तिला परकी म्हणतात," तो हळूच म्हणाला. "मग ती आली कुठून?"

केल्डबीच्या गावसभेची त्या सालची वही मागवली. पानं एडनाच उलटत होती. एक पान उलटलं. पुढचं जरा घाईनं उलटलं. मग तिचा हात थबकला. नॉरिसला ती घाई दिसली होती. एडनानं उलटलेलं पान परत आणलं आणि चर्चमध्ये वाचतात तशा आवाजात वाचलं:

"अॅन सन्टर, याच गावात जन्मलेली, दिवस भरलेली. मूल पोसण्याचा भार या गावाच्या गळ्यात पडू नये, म्हणून तिला आजच गाडीत घालून पुलापार सोडावे."

खाली सही होती, क्रिस्टोफर रॉ. फळीवरचं पहिलं नाव.

"मी तशीच पुढं गेले असते तर तू पाहिलं नसतंस," एडना म्हणाली.

"नसतं पाहिलं."

परतीच्या बसमध्ये सँडविचेस तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी एडनानं तो मजकूर स्वतःच्या अक्षरात उतरवून, खालच्या सहीसकट, चर्चच्या दारावर लावला. जत्रेसाठी नॉरिसनं एकचाकीला रिकामे डबे बांधले होते, 'सावकाश, म्हातारी चालवते' अशी पाटीही रंगवली होती. त्या सकाळी त्यानं सगळं काढून टाकलं, गाडी धुतली, आत पोतं अंथरलं. मग पैज रद्द म्हणून सांगायला तो एडनाकडं गेला. ती दारातच उभी होती, रविवारची टोपी घालून.

"पलीकडच्या टोकापासून आणायचं," ती म्हणाली. "हॅगवर्थकडून केल्डबीत. चल."

पुलाच्या दोन्ही कठड्यांना माणसं लागली होती. नॉरिस गुडघे छातीशी घेऊन एकचाकीत बसला. बँडवाल्यानं तुतारी फुंकली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी ओरडून बॉयलरचं वजन विचारलं. एडना मान खाली घालून ढकलत होती. पुलाच्या मध्यावर तिचा श्वास नॉरिसच्या मानेवर फुटायला लागला.

"बास झालं, एडनाबाई. उतरतो मी."

"बस खाली. अॅनला कुणी मध्येच उतरवलं नव्हतं."

ती हळूच बोलली होती. पण कठड्याजवळच्यांनी ऐकलं आणि हसणं एकेका माणसागणिक विझत गेलं. शेवटी नुसतं चाक कुरकुरत राहिलं.

केल्डबीच्या टोकाला वॉल्टर कोट-टाय घालून खुर्चीत बसला होता. एडनानं एकचाकी नेमकी त्याच्या बुटांपुढं टेकवली. तिचे तळवे लालभडक झाले होते.

"उशीर केलात तुम्ही लोकांनी," म्हातारा म्हणाला.

"हो, काका. पुलावर चढ आहे."

वॉल्टरनं चष्म्याची डबी उघडून घडीचा कागद पुढं केला. एडनानं खिशातून पेन्सिल काढली, तीच, टोक चावलेली. सही करायला कागद टेकवावा असं जवळ काही नव्हतं. नॉरिसनं गाडीतच पुढं वाकून पाठ दिली.

एडना एकेक अक्षर सावकाश लिहीत होती. पेन्सिल कागदातून, सदऱ्यातून पाठीला टोचत होती. नॉरिस हलला नाही.