मधल्या नटाची पिन

आसावरीने पाचवा नट पान्याने आवळला, चाक हाताने एकदा गरकन फिरवलं आणि ती उठून उभी राहिली. गुडघ्यांना ग्रीस, कोपराला ग्रीस, आणि नाकाला कुठून लागलं ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

"झालं," ती म्हणाली.

गोपाळकृष्ण टेबलापाशी इस्त्रीची वायर सोलत होते. त्यांनी आधी नातीकडे पाहिलं, मग स्कूटरकडे. उठून तपासायला मात्र आले नाहीत. शाळेत विज्ञान शिकवायचे तेव्हाही त्यांची हीच रीत होती. ज्याने जोडलं, त्यानेच बटण दाबायचं.

दहिवलीतल्या त्या घराला गॅरेज होतं, पण मोटार कधी आलीच नाही. स्कूटर तेवढी होती. उरलेल्या जागेत गल्लीतले मिक्सर, पंखे, इस्त्र्या येऊन राहायच्या आणि बऱ्या होऊन जायच्या. आसावरी दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याहून आली, की बॅग घरात टाकून आधी इथे यायची. यंदा ती सातवीत होती, म्हणून आजोबांनी तिच्या हाती स्कूटरचं मागचं चाक दिलं होतं. ब्रेकचे लायनर झिजले होते. ड्रम उतरवायचा, नवे लायनर बसवायचे, सगळं पुन्हा जागच्या जागी लावायचं. ते एकदाच समजावून सांगून आजोबा इस्त्रीकडे वळले होते.

फाटकाशी किशोर येऊन टेकला. नाक्यावर त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, आणि कधीकाळी तो गोपाळकृष्णांच्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेला.

"काय गं, चाक बसवलंस? मग सर, तुमी एकटेच जा चौकला. काकूंना मिनीडोर रिक्षानं पाठवा."

"मालती माझ्यामागेच बसणार आहे," आजोबा म्हणाले. "तिने केलंय ना, मग चोख असणार. तुझ्याकडे दिली असती तर मी मिनीडोरचा विचार केला असता."

किशोर हसला. आसावरीलाही हसू आलं. तिने अवजारं गोळा करायला स्टीलचं ताट उचललं, आणि ताटाच्या कडेला, चिंधीखाली, तिला ती पिन दिसली.

नवी कोरी स्प्लिट पिन. दोन पायांची, बोटाच्या पेराएवढी. चाकाच्या मधोमध मोठा नट असतो, त्याच्या भोकातून ती जायची होती. सकाळी आजोबांनी सांगितलं होतं की नट कितीही आवळला, तरी फिरून फिरून तो सैल होत जातो. पिन त्याला जागेवर धरून ठेवते. पिन नसली तर चाक आज निघेल की महिन्याने, काही सांगता येत नाही.

त्या नटावर आता पत्र्याची टोपी होती, टोपीवर चाक, चाकाला पाच नट. आणि फाटकाशी किशोर होता.

आसावरीने पिन मुठीत घेतली आणि मूठ खिशात घातली.

जेवताना आजीने तिच्या पानात जास्तीची पुरणपोळी वाढली. ब्रेक बिघडल्यापासून आजी स्कूटरवर बसली नव्हती. एकदा भर बाजारात स्कूटर थांबता थांबेना, तेव्हापासून तिने धसकाच घेतला होता. पण संध्याची इस्त्री आज पोचवायची होती. संध्याचं शिवणाचं दुकान चौक गावात होतं, आणि आजीला तिच्याकडून ब्लाउज आणायचे होते. आज भीती वाटत नाही, असं आजी दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिने आसावरीच्या पाठीवरून हात फिरवला. आसावरीने पोळीचे तुकडे केले, आणि ते तसेच पानात राहिले.

आजोबा रोज जेवून थोडं आडवे व्हायचे. आज इस्त्रीचं थोडं राहिलंय म्हणून ते परत गॅरेजकडे गेले. आसावरी माजघरात चटईवर पडून राहिली. वर पंखा फिरत होता. ती त्याच्या मधल्या वाटीकडे पाहत राहिली, मग कुशीवर वळली. खिशातली पिन मांडीला टोचली. चौकच्या रस्त्यावर वळणं होती, खडीचे डंपर होते, आणि भातकापणीच्या दिवसांत पेंढ्यांनी भरलेल्या गाड्या अध्येमध्ये उभ्या असायच्या. दोनदा ती उठून दारापर्यंत गेली. दोन्ही वेळा परत आली. आजोबांना सांगायला तिला तितकंसं अवघड वाटत नव्हतं. अवघड होतं ते त्यानंतर त्यांनी किशोरसमोर उभं राहणं.

चार वाजता आजी जांभळी साडी नेसून, हेल्मेट हातात घेऊन आली. आजोबांनी स्कूटर अंगणात काढली. किशोर पुन्हा फाटकाशी आलाच. काकू खरंच बसतात की नाय ते बघायला आलोय, असं त्याने जाहीर करून टाकलं. आजी म्हणाली, शाळेत सुरू झालेलं तुझं तोंड अजून बंद नाही का झालं?

आजोबा सावकाशीने सगळं करत होते. आरसा पुसला. इस्त्रीची पिशवी हुकाला लावली, काढली, पुन्हा लावली. किक मारली. स्कूटर सुरू झाली, तरी ते खाली पाहत बसून राहिले. आजी पदर खोचून मागे बसली आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आसावरी फाटक धरून उभी होती. तिने ते उघडायचं होतं.

"आजोबा, थांबा."

आवाज इंजिनात बुडाला. ती पुढे गेली आणि तिने हँडल धरलं.

"जाऊ नका. पिन राहिलीय."

तिने मूठ उघडली. तळहातावर पिनचा वळ उठला होता. आजोबांनी इंजिन बंद केलं.

"सकाळीच दिसली होती," आसावरी म्हणाली. "मी खिशात ठेवली."

आजी खाली उतरली, हेल्मेट मांडीवर घेऊन ओसरीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "मला काही घाई नाही." आजोबांनी स्कूटर स्टँडवर घेतली, मागे लाकडाचा ठोकळा सरकवला आणि आसावरीसमोर पाना धरला. नंतर ते किशोरकडे वळले आणि यंदा टायर कोणते घ्यावेत ते विचारू लागले.

तिने पाच नट काढले. चाक ओढून भिंतीला लावलं. टोपीच्या कडेत स्क्रूड्रायव्हर घालून ती अलगद उचकटली.

नटामध्ये पिन होती.

नवी, चकचकीत. दोन्ही पाय नीट वाकवलेले, एक वर, एक खाली.

आसावरीने हातातल्या पिनकडे पाहिलं, मग नटातल्या. मान वळवली. आजोबा तिच्याकडे पाठ करून उभे होते. किशोर टायरबद्दल बोलत होता आणि ते मान डोलावत होते, पण किशोर बोलायचा थांबला तरी त्यांची मान डोलतच होती. पायरीवर आजी हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत होती आणि मुद्दामच दुसरीकडे पाहत होती.

टोपी परत बसवली असती तर कुणाला काही कळलं नसतं. आसावरीने मनगटाने डोळे पुसले, त्याने गालाला ग्रीस लागलं. मग तिने पक्कड घेतली, बसवलेल्या पिनचे पाय सरळ केले आणि ती हळूहळू बाहेर ओढली.

उठून ती आजोबांपाशी गेली आणि तिने ती पिन त्यांच्या हातात ठेवली.

"ही तुमची, दुपारची," ती म्हणाली.

आजोबांनी पिनकडे पाहिलं. किशोरनेही पाहिलं, आणि मग सरांच्या तोंडाकडे. मग तो रस्त्याने कोण जातंय ते बघायला लागला. आजोबांनी पिन सदऱ्याच्या खिशात टाकली.

आसावरी परत चाकापाशी जाऊन बसली. तिची पिन भोकात जाईना, नट जरासा सरकला होता. तिने तो किंचित आवळला, पुन्हा प्रयत्न केला.

"संध्या दुकान बंद करेल हं," आजी पायरीवरून म्हणाली.

"करू दे," आजोबा म्हणाले, आणि तिच्याशेजारी पायरीवर जाऊन बसले.