राखलेलं रान

मला चालायचा मनापासून कंटाळा. कल्याणात आमच्या आळीतून कचेरीत जायला पाव तास पुरे, पण तेवढ्यातही मी दोनदा टेकतो. अशा माणसाला वरच्या कचेरीने काय काम सांगावं? तर तालुक्यातल्या डोंगरांत नि रानांत बघण्याजोगं जे जे असेल, म्हणजे जुने किल्ले, लेणी, देवळं, धबधबे, झरे, त्या सगळ्यांची यादी करून पाठवा. आणि नुसत्या ऐकीव गोष्टी नकोत. प्रत्येक नोंदीखाली 'समक्ष पाहून व विचारून लिहिले' असं लिहून सही करायची. सन अठराशे एक्क्याऐंशीचा पौष महिना होता. मामलेदारसाहेब म्हणाले, "कर्णिक, तुमच्यासारखी भाषा कचेरीत दुसऱ्या कुणाची नाही. हे काम तुमचंच." झालं! स्तुती केली की मी फुगतो हे त्यांना पक्कं ठाऊक.

मी फुगलो. घरी येऊन सुमतीला, म्हणजे आमच्या मंडळींना सांगितलं. ती हसून म्हणाली, "अहो, तुम्ही आणि डोंगर? माडीवर चढताना धापा टाकता!"

अंबरनाथचं देऊळ झालं, मलंगगड झाला. गडावर तर मी अर्ध्याअधिक वाटेवर दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून गेलो, ते असो. चाळीसेक ठिकाणं उरकली आणि शेवटी मलंगगडाच्या मागच्या रांगेत कळंबवाडी नावाची ठाकरांची वाडी उरली. तिथे डोंगराच्या कुशीत जुनं टाकं आहे, एवढंच कुणीतरी सांगितलेलं. बैलगाडी पायथ्याशी थांबली. पुढे वाट दाखवायला वाडीतला दगडू आला. बारीक चणीचा, बोलायला अगदी कंजूष माणूस. "किती लांब आहे रे?" विचारलं की म्हणायचा, "ह्ये काय, आलंच." असं तीन तास येत होतं.

वाडीत पोचलो तेव्हा माझ्या पायांचे तुकडे पडले होते. दगडूची बायको रंगूबाई पुढे आली. माझ्याकडे एकदा बघून तिने काही न विचारता नाचणीची भाकरी, वालाची आमटी आणि गार पाणी पुढ्यात ठेवलं. इतकं गोड पाणी मी कल्याणात कधी प्यायलो नव्हतो. दोन तांबे संपवले तेव्हा ती म्हणाली, "त्याच टाक्याचं हाय. चला, दावते."

रानाच्या तोंडाशी तिने मला वहाणा काढायला लावल्या. काढल्या. काय करणार? आत गेलो आणि खरं सांगतो, मान वर करून बघतच राहिलो. बाहेर माघातसुद्धा उन्हाने अंग भाजत होतं आणि इथे हिरवागार गारवा. हिरडे, बेहडे, जांभळी. चार माणसांनी हात धरले तरी वेढा पुरणार नाही एवढाली खोडं. माझ्या मांडीएवढा गारंबीचा वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेला. मधोमध शेंदूर फासलेला वाघोबा. आणि त्याच्या मागे सबंध कातळात कोरलेलं टाकं, उतरायला अकरा पायऱ्या, पायऱ्यांच्या कडेला घोड्यांची आणि हत्तींची नक्षी. ती कुणी कोरली, कधी कोरली, कुणाला ठाऊक नाही. पाणी इतकं नितळ की तळाची पानं मोजून घ्यावीत. मी पायरीवर बसलो आणि बसूनच राहिलो. पाय दुखायचे थांबले. मला उगाचच माझी गेलेली आई आठवली आणि डोळे भरून आले. रंगूबाई लांब उभी राहिली, तिने बघितलं नाही असं दाखवलं.

मग मी कागद काढले आणि विचारायला लागलो. ती म्हणाली, "ह्ये रान राखलेलं हाय, रावसाहेब. वाघोबानं राखलेलं. हितली वाळली काटकी बी कुनी उचलत न्हाय. पानी मातर समद्यांचं. उनाळ्यात दुसरं पानी न्हायच आमाला."

घरी आल्यावर सुमतीने पायांना तेल चोळलं आणि मी लिहायला बसलो. जन्मात असं लिहिलं नव्हतं. झाडं लिहिली, नक्षी लिहिली, पाण्यातली पानं लिहिली. एका जागी अडलो. 'राखलेलं' हा शब्द मला गावठी वाटला. कागदावर शोभेना. म्हणून मी तो सुधारला आणि लिहिलं, 'गावकऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे हे रान पूर्वापार राखीव आहे.' पाण्याचं वाक्य त्यापुढे घातलं तर ओळ लांबत होती, कानाला खटकत होती. ते गाळलं. खाली 'समक्ष पाहून व विचारून लिहिले' आणि झोकदार सही.

वरून शाबासकी आली. वरच्या कचेरीतल्या गोऱ्या साहेबाने म्हणे माझी नोंद दोनदा वाचून घेतली. यादी छापतील तेव्हा तुमचं नाव घालतील, आणि अव्वल कारकुनाची जागाही तुम्हालाच, असं मामलेदारांनी कानात सांगितलं. मी ते सुमतीला सांगितलं, सुमतीने आळीला. पंधरा दिवस मी हवेत चालत होतो, आणि ते चालणं मला मुळीच जड गेलं नाही.

चैत्रात एका सकाळी रंगूबाई आणि दगडू कचेरीच्या दारात उभे राहिले. वाडीतून रात्रीच निघाले असावेत, दोघांचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. मला बघताच रंगूबाई पुढे आली.

"रावसाहेब, तुमी काय लिवलंत?"

"काय म्हणजे?"

"शिपाई बसलाय रानाच्या तोंडाला. आत पाऊल टाकू देत न्हाय. म्हनतो, तुमीच कबूल केलंय रान सरकारचं हाय म्हनून. आमी कदी केलं कबूल? दोन कोस खाली नदीच्या डोहावर जातो आता. धाकट्या जावेला आठवा लागलाय, परवा हंडा घेऊन पडली चढावर." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "पोटात मूल हाय अजून. पर पुन्यांदा पडली मंजी?"

राखीव! तीन वर्षांपूर्वी जंगलाचा नवा कायदा आला तेव्हापासून या शब्दाचा सरकारी अर्थ एकच: रान सरकारचं, आत जायची बंदी. हे मी स्वतः शेकडो कागदांवर लिहिलेलं. आणि भाषा सजवण्याच्या नादात तोच शब्द या बाईच्या तोंडी घातला. कपाळ माझं! एवढा शहाणा म्हणवतो आणि ही अक्कल.

तडक मामलेदारांकडे गेलो. म्हटलं, साहेब, एक शब्द बदलायचा आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आता शब्द बदलून काय होणार? त्यावर हुकूम निघालाय. ती गावकऱ्यांची कबुली झाली, आणि कबुली कुणी मागे घेतली तर म्हणणार, पढवलंय. शिवाय तुमचं वर्णन वाचून साहेब त्या जागेवर लुब्ध झालाय. उन्हाळ्यात राहायला तिथे बंगला बांधायचं मनात आहे त्याच्या. खाली तुमची सही, समक्ष पाहून व विचारून. तुम्ही तिथे गेलाच नसता, तर गोष्ट वेगळी. मग कबुली कुठली आणि हुकूम कुठला! पण तुम्ही तर जाऊन आलात."

ते हे बोलून दुसऱ्या कागदाकडे वळले. मी तिथेच उभा. खिडकीतून दिसत होतं, रंगूबाई आणि दगडू पिंपळाखाली बसलेले. दगडूने फडक्यातली भाकरी सोडली होती, पण दोघंही खात नव्हती.

साहेबाचा तंबू त्या आठवड्यात गावाबाहेरच्या आमराईत पडला होता. दुसऱ्या दिवशी मामलेदारांनी वाडीची तक्रार पुढे मांडली, मलाही नेलं. साहेब खुर्चीत, मामलेदार बाजूला, समोर रंगूबाई, तिच्यामागे दगडू. साहेबाला मराठी बऱ्यापैकी यायची. माझा कागद त्याच्या मांडीवर होता. तो हसून मला म्हणाला, "कारकून, तुम्ही फार सुंदर लिहिलं आहे."

मी म्हटलं, "साहेब, ते खोटं आहे."

"काय खोटं?"

"सगळंच. मी त्या रानात गेलो नाही. मला चालवत नाही, साहेब, कचेरीत कुणालाही विचारा. पायथ्यापर्यंत गाडीने गेलो आणि तिथून परत फिरलो. झाडं, टाकं, नक्षी, सगळं घरी बसून मनाने रचलं. गावकऱ्यांशी बोललोच नाही. ती कबुली माझ्याच पदरची."

मामलेदारांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीत गेलो असतो तर बरं. साहेबाचा चेहरा लाल झाला. त्याने कागद उचलला, परत ठेवला. त्याचा विश्वास बसत नव्हता हे मला दिसत होतं, आणि माझ्या त्या मेल्या मनाला तेव्हाही बरं वाटलं, की लिहिलं खरंच चांगलं होतं म्हणून! मग तो रंगूबाईकडे वळला. "हा माणूस तुमच्या वाडीत आला होता काय? नीट बघ. खरं सांग."

तिला मी काहीच सांगून ठेवलं नव्हतं. हे बोलायचं मलाच ऐन तंबूत सुचलं, मग सांगणार कधी? आणि ही माणसं वाघोबाला भिऊन असतात, सहसा खोटं बोलत नाहीत. दगडूने मान खाली घातली. रंगूबाईने मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं, बाजारात बैल निरखतात तसं.

"न्हाय," ती म्हणाली. "ह्या मानसाला आमी कदी बगितला न्हाय. आमच्या चढावर ह्याचा जीव गेला असता."

साहेबाने माझ्यादेखत कागद फाडला. नोंद गेली, कबुली गेली, चार दिवसांत शिपाईही गेला.

नोकरी तेवढी राहिली, मामलेदारांनी फार रदबदली केली म्हणून. अव्वल कारकुनाची जागा दुसऱ्याला मिळाली आणि बाकीची चाळीस ठिकाणंही त्याच्याच नावावर चढली. मला टपालाच्या नोंदी करायला बसवलं. आळीत पोरंठोरं मला 'घरबसे कर्णिक' म्हणू लागली. सुमतीला सगळं ठाऊक, माझ्या पायांचे फोड तिनेच बघितलेले. ती पाण्यावरच्या बायकांशी भांडायला निघायची आणि मी तिला अडवायचो. एकदा ती रडलीच. म्हणाली, "निदान मला तरी बोलू द्या हो!" मी तिलाही बोलू दिलं नाही. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू? रोज वाटत होतं.

वैशाख सरता सरता बाजारात गेलो होतो. ठाकरणी करवंदं घेऊन बसल्या होत्या, आणि ओळीत रंगूबाई. मी न बघितल्यासारखं करून पुढे सरकलो. उगाच कुणी बघायचं, साहेबाच्या कानावर जायचं.

"ओ पाव्हणं!"

थांबलो. तिने पानांचा द्रोण भरला, शिगोशीग, आणि माझ्या हातात दिला. आजूबाजूला कल्याणची ओळखीची माणसं होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तोंडावरची रेघही न हलवता म्हणाली, "तुमी कदी आमच्याकडं आलं न्हाय. जावेला मुलगा झालाय. या की येकदा टाक्याचं पानी प्यायला."

मी येतो म्हणालो. आणि तिथेच उभं राहून करवंदं खायला लागलो.