चरबी जळतीया

दादासाहेबांचं तोंड लालबुंद झालं होतं आणि ते हसत होते. सगुणाबाईंना त्या लाल तोंडापेक्षा त्या हसण्याचा जास्त संताप यायचा.

न्याहारी झाली की थोड्या वेळानं हा तमाशा रोज सुरू व्हायचा. आधी कान तापायचे, मग गाल, मग मान आणि छाती. मुंग्या डसल्यासारखी अंगभर खाज सुटायची. दादासाहेब ओट्यावर बसून बनियन वर करायचे, पाठ खांबाला घासायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून सांगायचे, "चरबी जळतीया! आतली समदी चरबी जळतीया, बघ!"

पहिल्या दिवशी सगुणाबाईंना वाटलं, पित्त उठलं. त्यांनी लगबगीनं आमसुलं भिजत घातली आणि ते पाणी अंगाला लावायला वाटी घेऊन बाहेर आल्या. दादासाहेबांनी वाटी बाजूला सारली. "इझवतीस कशाला? जळू दे की!"

झालं होतं असं. ग्रामपंचायतीत रक्ततपासणीचं शिबिर भरलं, त्यात दादासाहेबांचं कोलेस्टेरॉल चांगलंच वाढलेलं निघालं. पौडच्या डॉक्टरांनी रोज रात्री एक गोळी घ्यायला सांगितली. "किती दिस?" दादासाहेबांनी विचारलं. "कायमची," डॉक्टर म्हणाले. तिथंच बिनसलं. जन्मात कधी डोकेदुखीची गोळी न घेतलेला हा गडी. माळकरी, दारू-मटणाला न शिवणारा, साठी उलटली तरी कोळवणकडच्या भातखाचरात स्वतः लावणीला उतरणारा. कायमची गोळी म्हणजे कायमचा आजारी, असा त्यांनी अर्थ लावला आणि पाकीट फळीवर फेकून दिलं. सगुणाबाई रोज आठवण करून द्यायच्या. रोज एकच उत्तर यायचं, "तुला काय कळतंय त्यातलं?"

कळायचं ते वरच्या ऋषिकेशला. भुकूमच्या त्यांच्या घरावर दोन मजले चढवून त्यांनी खोल्या काढल्या होत्या, त्यातल्या एकीत हा परभणीचा पोरगा राहायचा. हिंजवडीत कंपनीत कामाला. स्वभावानं गोड, काका-काकू म्हणून जीव लावणारा, सणाला घरी जायला मिळालं नाही की यांच्याच ताटाला बसणारा. त्याच्या घराण्यात सगळ्यांनाच कोलेस्टेरॉल, म्हणून तो पोरवयातच या फंदात पडलेला. त्यानं मोबाइलवर चार व्हिडिओ दाखवले आणि सांगितलं, "काका, त्या गोळ्यांनी स्नायू दुखतात. हे नायसिन घ्या. औषध नाहीये हे, साधं व्हिटॅमिन आहे. मी स्वतः घेतो."

"आगं, औषध न्हाई हे, शक्तीचं हाय," दादासाहेबांनी घरात येऊन जाहीर केलं. सगुणाबाई म्हणाल्या, "शक्तीच्या गोळीनं कुनी आसं भाजून निघतं व्हय? डॉक्टरला इचारा तरी." ते नुसते हसले. शिकला-सवरला पोरगा एकीकडं आणि चुलीपुढची बायको एकीकडं. कुणाचं ऐकायचं हे ठरवायला त्यांना फार वेळ लागला नाही.

दिवाळी झाली, भात झोडून घरात आलं. दरवर्षीप्रमाणं सगुणाबाईंनी नव्या इंद्रायणी तांदळाचा डबा भरून वर पाठवला. आपल्याकडं आलेला डबा रिकामा परत द्यायचा नसतो, निदान चिमूटभर साखर तरी घालायची असते, हे ऋषिकेशला आता ठाऊक झालं होतं. चार दिवसांनी डबा खाली आला तो खुळखुळत. आत गोळ्यांच्या तीन मोठ्या बाटल्या होत्या, एक फोडलेली आणि दोन सीलबंद.

"काका, ही नवीन येते. आत हळूहळू विरघळते, त्यामुळं लाल होत नाही, खाजत नाही. माझ्याकडं जास्तीच्या होत्या," असं तो म्हणाला आणि घाईघाईनं कामावर पळाला.

नवी गोळी खरंच भाजत नव्हती. सगुणाबाईंचा जीव भांड्यात पडला. दादासाहेबांचा मात्र हिरमोड झाला. ओट्यावर बसून ते वाट बघायचे आणि काहीच व्हायचं नाही. दोन-तीन दिवस त्यांनी कळ काढली, मग एकाच्या दोन केल्या.

"अवं, दोन कशाला?"

"जळंना की. बुडाची चरबी चिवट आसतीया."

शेतात एका पोत्यानं पीक उठलं नाही तर दुसरं पोतं टाकायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब. तोच त्यांनी स्वतःच्या पोटाला लावला. दोनाच्या तीन झाल्या, तीनाच्या चार. सगुणाबाईंनी बाटली लपवून पाहिली, तर घर डोक्यावर घेतलं. शेजाऱ्यांच्या देखत म्हणाले, "नवरा बरा झालेला बघवत न्हाई हिला." त्या दिवसापासून सगुणाबाईंनी बाटल्यांना हात लावला नाही. सांगायचं मात्र सोडलं नाही. ताट वाढताना सांगायच्या, अंथरूण घालताना सांगायच्या. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

संक्रांत गेली आणि दादासाहेबांचं जेवण तुटलं. भाताचा वाससुद्धा सोसेना. सकाळी उठल्या उठल्या मळमळ आणि दिवसभर गळून गेल्यासारखं. "चरबी उतराया लागली की माणूस हलका हुतुया," असं म्हणून त्यांनी तेही मोठेपणात जमा केलं. मग एका सकाळी तोंड धुताना त्यांनी वर बघितलं आणि सगुणाबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. दादासाहेबांच्या डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं झालं होतं.

गावातल्या चार जणांनी कावीळ उतरवणाऱ्याचं नाव सुचवलं. सगुणाबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. वरून ऋषिकेशला हाक मारली आणि त्याच्या गाडीत नवऱ्याला घालून पुण्यातला मोठा दवाखाना गाठला. वाटेत ऋषिकेश एक शब्द बोलला नाही. घाबरलाय पोरगा, असं त्यांना वाटलं.

तपासायला आलेली डॉक्टर बाई तरुण होती, पण कडक. पोट दाबून बघितलं, रक्त घेतलं आणि विचारलं, "सध्या कुठली औषधं चालू आहेत?"

"एकबी न्हाई," दादासाहेब ऐटीत म्हणाले.

"एकही नाही? नीट आठवा."

"आठवायचं काय त्यात? जन्मात गोळी घेतली न्हाई मी."

ते खोटं बोलत नव्हते, हीच तर मोठी पंचाईत होती. त्यांच्या लेखी ते शक्तीचं होतं, औषध नव्हतंच. डॉक्टर बाईनं कागदावर काहीतरी खरडलं. "दारू किती घेता?"

दादासाहेबांचा हात गळ्यातल्या माळेकडं गेला. पस्तीस वर्षं ज्या माणसानं बाटलीकडं बघितलं नाही, त्याला परक्या पोरीनं दारुडा ठरवलं होतं. सगुणाबाईंनी ऋषिकेशकडं पाहिलं. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, मोबाइल हातात धरून जमिनीकडं बघत. त्याला गोळ्यांच्या बाटलीवरचं नाव माहीत होतं, ताकद माहीत होती, सगळं माहीत होतं, आणि तो गप्प होता.

सगुणाबाईंचं डोकं फिरलं.

"दारू न्हाई पीत ह्ये!" त्या एवढ्या मोठ्यानं बोलल्या की शेजारच्या पलंगावरचा माणूस उठून बसला. "चार-चार गोळ्या खात्यात रोज. व्हिटॅमिन म्हनं. ह्या पोरानं दिल्यात. इचारा त्याला, कसल्या हायेत त्या! तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस रं? सांग की!"

ऋषिकेशनं सांगितलं. नाव सांगितलं, मिलिग्रॅम सांगितले. डॉक्टर बाईनं पेन खाली ठेवलं.

"चार? दिवसाला?" मग तिनं जे बोलायला सुरुवात केली ते थांबेचना. या डोसाला हे व्हिटॅमिन राहत नाही, औषध होतं, आणि औषधासारखंच उलटतं. ते भाजणं म्हणजे चरबी जळणं नव्हे. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, एवढंच. चरबीचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि हळू विरघळणारी गोळी भाजत नाही म्हणून माणूस गाफील राहतो, पण लिव्हरला तीच जास्त घातक. ज्या डॉक्टरला द्यायची वाटली तो मध्ये मध्ये लिव्हर तपासतो, साखर तपासतो. "तुमचं कुणी तपासत होतं का, आजोबा?"

दादासाहेबांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. दुपारी रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा मात्र त्यांनी हळूच विचारलं, "त्ये कोलेस्टेरॉल किती हाय आता?"

"खूप कमी झालंय," डॉक्टर बाई म्हणाली.

पिवळे डोळे चमकले. त्यांनी मान वळवून बायकोकडं बघितलं. "बघ! म्हनलं नव्हतं?"

"आजोबा, कोलेस्टेरॉल लिव्हरच बनवतं," डॉक्टर बाई म्हणाली. "कारखानाच बंद पडत आला तर माल कुठून येणार? गोळ्या आता बंद. लिव्हर सावरतंय का ते दोन दिवसांत कळेल. सावरलं तर बरं होईल, नाही तर मोठा प्रसंग आहे."

ती गेली. सगुणाबाईंना नवऱ्याच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून त्या बाहेर आल्या. बाकड्यावर ऋषिकेश बसला होता. त्यांना बघून उठला.

"काकू, मी वाईट मनानं नाही दिलं हो."

"तूबी खात हुतास ना त्या? मग तुला कसं काय झालं न्हाई?"

त्यानं मोबाइल खिशात सारला. सगुणाबाईंनी परत विचारलं. तेव्हा तो अडखळत म्हणाला, "मी बंद केल्या. ऑफिसच्या चेकअपमध्ये माझंही लिव्हरचं थोडं वाढलेलं आलं होतं. डॉक्टर म्हणाले, बंद करा."

"कवा?"

"दिवाळीच्या आधी."

सगुणाबाईंना डबा आठवला. नव्या तांदळाचा गेला होता तो, आणि परत आला होता खुळखुळत.

"म्हंजी तुला बाधल्या, म्हनून तू आमाला दिल्यास?"

"तसं नाही, काकू. माझं थोडंच वाढलं होतं. काकांना आधीच्या गोळीनं काही झालं नव्हतं, त्यांची तब्येत दणकट. महागाच्या होत्या, दोन तर फोडलेल्याही नव्हत्या. फेकून द्यायचं जिवावर आलं. आणि वाटलं, रिपोर्टचं सांगितलं तर काका म्हणतील, तूच आधी घ्यायला लावलंस..." त्याचे डोळे भरून आले.

"रडू नगंस," सगुणाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण तो दोन पावलं मागं सरला. "शिळी भाकरी गायीफुडं टाकायच्या आधी आमी वास घेऊन बघतो. आंबली आसंल तर टाकत न्हाई. तुला वास आला हुता, ऋषी. आला हुता म्हनूनच तू आमच्या ताटात वाढलंस."

त्याला तिथंच सोडून त्या आत आल्या. सलाइन थेंब थेंब उतरत होतं. दादासाहेबांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"ऋषी कुटं गेला? सकाळधरनं उपाशी हाय पोरगं. त्याला च्या तरी पाज."

सांगावं की नको, असा विचार सगुणाबाईंनी केला नाही. "त्यानं सवता कवाच सोडली हुती ती गोळी. दिवाळीच्या आधीच. त्याचंबी लिव्हर सुजलं हुतं. मग उरलेल्या गोळ्या डब्यात घालून तुमाला दिल्या."

दादासाहेब कोपरावर रेलून अर्धवट उठले.

"त्याला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"आन तरी बोलला न्हाई?" त्यांचा आवाज फाटला. "आगं, येका शब्दानं सांगायचं की! कुनीतरी सांगितलं आसतं तर मी काय ऐकलं नसतं व्हय?"

सगुणाबाई पलंगाला अगदी चिकटून उभ्या राहिल्या, म्हणजे त्यांना दुसरीकडं बघता येऊ नये.

"मी सांगत हुते," त्या म्हणाल्या. "रोज सांगत हुते."